'आम्हांला निरोध सोसत नाही'

त्वचारोगतज्ज्ञाच्या खोलीत हे वाक्य मान खाली घालून आणि बहुधा निघता निघता उच्चारलं जातं. त्यावर समाजाकडे ठरलेली दोन उत्तरं आहेत. पहिलं, ही सबब आहे. पुरुषांना निरोध नकोच असतो. दुसरं, सोसत नाही ना, मग सोडा आणि गोळ्या घ्या. पहिलं उत्तर देणारा स्वतःला सुधारक समजतो, दुसरं देणारा व्यवहारी. चुकतात दोघेही, पण दुसऱ्याची चूक महागात पडते.

सबब म्हणणाऱ्यांचा राग निराधार नाही. निरोध टाळायला पुरुषांनी काय काय कारणं शोधली ते सर्वांना ठाऊक आहे. पण रबराच्या झाडाच्या चिकातली प्रथिनं काहींच्या शरीराला शत्रू वाटतात, हेही तितकंच खरं. एड्सच्या साथीनंतर इस्पितळांत लॅटेक्सच्या हातमोज्यांचा वापर बेसुमार वाढला आणि परिचारिकांच्या अंगावर गांधी उठू लागल्या, दम लागू लागला. अमेरिकेने अखेर पावडरच्या हातमोज्यांवर २०१७ पासून बंदीच घातली. तिथे परिचारिकांना सबबखोर ठरवून कोणी प्रश्न मिटवला नाही. तीच तक्रार शेजघरातून आली की मात्र ती नाटक ठरते!

बाईच्या वाट्याला तर याहून वाईट येतं. खाज, जळजळ म्हटलं की अंगावरून जाण्याचं औषध मिळतं. गुण आला नाही की तेच पुन्हा, आणि मग घरात एकमेकांवर संशय. त्रास निरोध वापरल्यावरच होतो का, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही.

तो विचारायला सोलापुरात तर निमित्तं भरपूर. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पोरासाठी फुगा फुगवताना ओठ सुजले होते का? दाताच्या डॉक्टरने हातमोजे घालून तपासल्यावर तोंडाभोवती खाजलं? एकादशीला केळं खाल्लं की घसा खाजतो? केळी, किवी, अवाकाडो यांतली काही प्रथिनं रबराच्या चिकातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. केळं बाधणाऱ्या प्रत्येकाला लॅटेक्स बाधतंच असं नव्हे, पण करमाळ्याची केळी परदेशी धाडणाऱ्या जिल्ह्यात डॉक्टरांनी हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

त्रास केव्हा सुरू होतो, यावर बरंच ठरतं. काही मिनिटांत गांधी, सूज, शिंका सुरू झाल्या तर संशय प्रथिनांवर. त्यासाठी रक्ताची आयजीई तपासणी असते. एकदोन दिवसांनी चट्टे, खपल्या दिसल्या तर दोष बहुधा रबर पक्कं करताना घातलेल्या रसायनांचा. तो पॅच टेस्टमध्ये सापडतो. कधी लॅटेक्स निर्दोषच असतं आणि गुन्हेगार निघतो स्ट्रॉबेरीचा वास, बधिर करणारं बेन्झोकेन नाहीतर शुक्राणू मारणारं नॉनॉक्सिनॉल-९. मात्र श्वास अडला किंवा चेहरा सुजला असेल, तर घरी करून बघण्याचे प्रयोग बंद. थेट इस्पितळ गाठायचं. पुढे बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हाही आधी सांगायचं, कारण तिथे हातमोजे आणि नळ्या आहेतच.

आता 'सोडून द्या'वाले. गोळ्या आणि तांबी गर्भ रोखतात. गरमी, परमा, एचआयव्ही रोखत नाहीत. ॲलर्जी एका पदार्थाची आहे, संरक्षणाची नाही. पॉलिआयसोप्रीन हे कारखान्यात बनवलेलं रबर. त्यात झाडाची प्रथिनं नसतात, पण पक्कं करायची रसायनं असू शकतात. म्हणून दोन दिवसांनी चट्टे उठणाऱ्याने पॉलियुरेथेनच्या निरोधाचा विचार करावा. तो लॅटेक्सपेक्षा जास्त फाटतो असं अभ्यासांत दिसलं आहे, तेव्हा माप आणि वंगण नीट हवं. खोबरेल तेल पॉलियुरेथेनला सहसा चालतं. लॅटेक्स आणि पॉलिआयसोप्रीन मात्र त्याने कमकुवत होतात. मेंढीच्या आतड्याचा निरोध 'नैसर्गिक' म्हणून मिरवतो, पण त्याच्या छिद्रांतून विषाणू पार होतात.

फीमेल कंडोमबद्दलही सरसकट भरवसा नको. एफसी२ नायट्राइलचा आहे. आपल्याच सिन्नरच्या क्युपिड कंपनीचा लॅटेक्सचा. म्हणून दुकानदाराच्या तोंडच्या 'स्पेशल आहे' या शब्दापेक्षा खोक्यावरचा बारीक मजकूर वाचावा. काळ्या पिशवीत घाईघाईने कोंबलेल्या पाकिटावर तो वाचणार कोण, हेही खरंच.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे माझी तक्रार सरकारशी आहे. फुकट मिळणारा निरोध लॅटेक्सचाच. ज्याला परवडतं तो ऑनलाइन लॅटेक्सविरहित पाकीट मागवतो. विड्या वळणाऱ्या बाईने काय करायचं? मागणी थोड्यांची आहे, पुरवठा परवडणार नाही, हे उत्तर मला पटत नाही. १९६८ साली याच सरकारने चहा आणि साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून पंधरा पैशांना तीन निरोध गावोगावच्या दुकानांत पोचवले होते. आज सोलापूरच्या सिव्हिल इस्पितळाच्या त्वचारोग विभागाने चिठ्ठी दिली की त्याच आवारात लॅटेक्सविरहित पाकीट मोफत मिळावं, इतकं तर जमायला हवं.