एका आकड्यावर रक्तदाब ठरत नाही



वार्षिक सभेच्या दिवशी मंडपाच्या कडेला आरोग्य तपासणीचे टेबल मांडायची प्रथा बऱ्याच कारखान्यांत पडली आहे. प्रथा चांगली, पण रक्तदाबापुरते आमचे मत वेगळे आहे. मनुष्य उन्हातून मोटारसायकलवर आलेला, उसाच्या दरावरून दोन शब्द झालेले, गालात तंबाखूची चिमूट. त्यात शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळलेला. आकडा भरतो १६०/१००. चार दिवसांनी गावच्या डॉक्टरकडे भरतो १३०/८०. मग "मशीनच खोटं होतं" म्हणायचे आणि चिठ्ठी धुण्यात जाऊ द्यायची!

मशीन खोटे असेलच असे नाही. रक्तदाब दिवसभर हलतच असतो. झोपेत तो साधारण दहा ते वीस टक्के उतरतो, पहाटे चढू लागतो. थंडीने चढतो, लघवी तुंबली तर चढतो, मोजताना गप्पा मारल्या तरी चढतो. लाईटची पाळी रात्रीची आली की आपण रात्रभर उसाला पाणी पाजतो. झोपच नाही तर दाब उतरणार कधी?

शेतकी खात्याचा माणूस ब्रिक्स बघायला फडात येतो तेव्हा एका उसावर तोड देतो का? बुडख्याचा ब्रिक्स वेगळा, शेंड्याचा वेगळा. चार ठिकाणचे ऊस बघूनच तो ठरवतो. अंगातल्या दाबालाही तोच न्याय लावावा.

मात्र हलतोय म्हणजे काळजी नाही, असे कोणी समजू नये. दवाखान्यात चढणारा आणि घरी बरोबर भरणारा दाब पुढे कायमचा चढून बसण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल यांनी २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की ज्यांचा दाब दर भेटीला फार वर-खाली होतो त्यांना लकव्याचा धोका अधिक, मग सरासरी कितीही असो. आणि गोळी चालू असलेल्यांत या वर-खालीचे एक कारण म्हणजे आज खाल्ली, उद्या राहिली. "आता बरं वाटतंय" हे तर काही कारणच नव्हे. दाब वाढलेला बहुतेकांना जाणवतच नाही. जाणवतो तो थेट अंगावरून वारं गेल्यावर.

मोजायचा तो असा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिसरी बंद. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढावी. घरी ती १३५/८५ किंवा वर गेली तर वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. (दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० धरतात.)

आता मुद्द्याचे. दंडावरचे चांगले मशीन साधारण एक टन उसाच्या पैशात येते. प्रत्येक गट ऑफिसात ते बारा महिने असावे, सोबत एक खुर्ची आणि एक नोंदवही. घरच्या बायामाणसांचे सभेच्या मंडपापर्यंत येणे क्वचितच होते, गट ऑफिस त्यांना जवळ पडते. येत्या सभेत हा विषय कोणीतरी मांडावा, आम्ही अनुमोदन देऊ. आणि हंगामात ते मशीन तोडणीच्या टोळ्यांनाही खुले ठेवावे.