क्रीम तपासलं, पण कुणाच्या हातावर?

मार्चमध्ये तासगावची माझी मावसबहीण साताऱ्याला आली होती. जेवायला बसली आणि चमचा मागितला. आमटी-भाकरी आणि चमच्याने? मी हसले, तर तिने हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर चिरा, तळवे लालबुंद. हसू तिथेच विरलं.

त्यांची बेदाण्याची शेड आहे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर टाकायची. द्राक्षावरचा मेणासारखा थर जातो तो या पाण्याने, म्हणून तर ती लवकर वाळतात. मग हाताचं तेल तरी कुठून राहणार? आपल्याकडे भांड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा तेच काम करतात, फक्त हळूहळू. याला डॉक्टर इरिटंट काँटॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. ही अ‍ॅलर्जी नव्हे. पुन्हा पुन्हा तेच लागत राहिलं तर कुणाचीही कातडी दाद देणार नाही.

ताईने पर्समधून तीन ट्यूब काढल्या. "बघ गं, लिहिलंय, त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं. आणि लावलं की आगआग!"

तपासलेलं असेलही. पण कसं? सशांच्या कातडीवर तपासायची १९४४ पासूनची पद्धत होती. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला भारतात २०१४ मध्ये बंदी आली, बरंच झालं. आता स्वयंसेवकांच्या पाठीवर पट्टी लावून बघतात. म्हणजे धडधाकट, न चिरलेली कातडी! त्यातून कळतं ते इतकंच, की क्रीम चांगल्या कातडीला त्रास देत नाही. भेगा भरतील का, हा प्रश्न वेगळाच.

त्याचीही परीक्षा असते. सोडियम लॉरिल सल्फेट नावाचा फेस आणणारा पदार्थ दंडाखाली लावून कातडी मुद्दाम दुखवायची, मग क्रीम लावायचं आणि तिथून किती पाणी उडून जातं ते यंत्राने मोजायचं. गंमत म्हणजे हाच पदार्थ ब्रिटनमधल्या एका घरोघरी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅक्वियस क्रीममध्ये होता. त्याने त्रास होऊ शकतो, विशेषतः एक्झिमा असलेल्या मुलांना, असा इशारा तिथल्या औषध नियामकाला २०१३ मध्ये द्यावा लागला. उपायातच दुखणं!

माझं म्हणणं साधं आहे. कुणाच्या कातडीवर तपासलं आणि किती दिवस, हे दोन शब्द ट्यूबवर छापायला काय हरकत आहे? पैसे मोजणाऱ्या बाईला तेवढं कळायलाच हवं.

तोवर ताईला मी सांगितलं, एका वेळी एकच क्रीम घे. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लाव. खाज किंवा पुरळ आलं तर ते बाद. वासाचं नकोच, साधी पेट्रोलियम जेली बरी. चिरेवर सुरुवातीला थोडं चुरचुरतं, पण आग थांबलीच नाही तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा. ते पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस ठेवतात, अ‍ॅलर्जी आहे की नाही ते त्यातून कळतं.

पाचव्या दिवशी फोन आला. सगळ्यात महागडी, गुलाबाच्या वासाची ट्यूब बाद झाली होती.

"आणि हातमोजे?" मी विचारलं.

"आणलेत की रबराचे. पण जोड एकच, आणि शेडवर बायका अकरा."