नागाला दूध, भगताला नारळ, भटजीला दक्षिणा!

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, श्रावण शुद्ध पंचमी आली कीं नागपूर, भंडारा, चंद्रपूर या मुलखांत कुणबी नांगर उभा करतो, घरची बाई विळी हातीं धरीत नाहीं व चुलीवर तवा ठेवीत नाहीं. वारुळापुढें लाह्या व दूध जातें. गांवोगांव रात्रीं नागाच्या बाऱ्या म्हणतात आणि भगताच्या अंगांत नाग संचारला कीं तो जमिनीवर वळवळूं लागतो. त्याच दिवसांत आमचे हजारों लोक सातपुड्यांतला डोंगर तुडवीत पचमढीजवळच्या नागद्वारला जातात. हा सण आधीं वारुळाचा व शेताचा. पोथीनें त्यावर आपलें नांव मागाहून घातलें.

भटजीबुवा म्हणतील, नागपूजा आमच्या पुराणांतली! त्यांनीं भंडारा जिल्ह्यांत पवनीला जाऊन यावें. तेथील जगन्नाथ टेकडीवर 1969-70 सालीं खोदकाम झालें, तेव्हां बुद्धधर्माचा मोठा स्तूप निघाला आणि त्याच्या खांबावर मुचलिंद नाग कोरलेला सांपडला, खालीं नांवासकट. बोधिवृक्षाच्या परिसरांत बुद्ध ध्यानस्थ असतां पाऊस कोसळूं लागला, तेव्हां या नागानें आपली फणा त्याच्यावर छत्रीसारखी धरली, अशी ती कथा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या वैनगंगेच्या कांठच्या माणसांनीं आपला जुना नाग सोडला नाहीं, त्याला बुद्धाच्या शेजारीं बसविलें. नागभीडजवळ देवटेक येथें सांपडलेल्या शिलेवर अशोककालीन अक्षरांत प्राणी पकडूं नये व मारूं नये अशी आज्ञा आहे. टोपलींत नाग कोंबून दारोदार दूध मागणाऱ्या गारुड्याला ती कोणीं वाचून दाखवावी! साप दूध पीत नाहीं. त्याला दिवसेंदिवस तहानलेला ठेवतात, म्हणून तो तोंड लावतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानें नाग पकडून बाळगणें हा गुन्हाच आहे.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं 14 ऑक्टोबर 1956 रोजीं नागपुरांत धर्मांतर केलें. दुसऱ्या दिवशींच्या भाषणांत त्यांनीं हें शहर निवडण्याचें कारण नाग लोक असें सांगितलें: बुद्धधर्म पसरविणारे ते, आणि नाग नदीच्या कांठीं त्यांची वस्ती. त्यांचा नाग हा माणूस होता, सरपटणारा जीव नव्हे. पण ज्या घरानें देव्हारा उचलून बाहेर ठेवला, त्याच घरांत मध्यरात्रीं पोराला साप चावला कीं पहिला निरोप भगताकडे जातो, हें आमच्या पाहण्यांतलें आहे. त्यांतले कोणी म्हणतील, बुद्धानेंही सापाविषयीं मंत्र शिकविला. खरें आहे. एक भिक्षु सर्पदंशानें मेल्यावर सर्पांच्या चार कुळांविषयीं मैत्री बाळगण्याचें एक परित्त सांगितल्याची कथा पाली ग्रंथांत आहे. विनयपिटकाच्या महावग्गांत सर्पदंशावर शेण, मूत्र, राख व माती देण्याची मुभाही आहे! लपवावयाचें कांहीं कारण नाहीं. त्या काळीं त्याहून बरें औषध माणसाजवळ नव्हतें, आणि जें होतें तें त्यानें नाकारलें नाहीं. घोड्याच्या रक्तांतून काढलेली लस तर 1890 नंतरची. आज ती असतांना राख चाटविणारा बुद्धाचें नांव कोणत्या तोंडानें घेतो?

भगताच्या हातचा रोगी वांचतो तो कां, हेंही ऐका. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळीं विष सोडतोच असें नाहीं. असे रोगी भगताच्या मंत्रावांचूनही वांचले असते, पण नारळ व कोंबडें भगताला मिळतें. जो मेला त्याचा "काळच आला होता". असा धंदा कोणत्या सावकाराला साधला आहे?

मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्याला चावते. दुखत नाहीं, सूज नाहीं, दांताची खूणही कधीं दिसत नाहीं. पहांटे पोट दुखतें, पापण्या मिटूं लागतात, मग श्वास कोंडतो. घोणस चावली तर रक्त गोठेनासें होतें. दवाखान्यांत तें काचेच्या नळींत 20 मिनिटें ठेवून पाहतात. ढाक वाजवून यांतलें काय कळणार? फडकें आवळूं नका, जखम कापूं नका, तोंडानें ओढूं नका. चावलेला भाग हलवूं नका आणि निघा.

भटजींचा हिशेब निराळाच. चुकून नाग मारला गेला, घरांत मूल नाहीं, कीं त्र्यंबकेश्वरीं तीन दिवसांचा नारायण नागबली! कणकेचा नाग करून त्याचें दहन करावयाचें, वर दक्षिणा. शिवाय पत्रिकेंत कालसर्प आहेच. जिवंत सापाशीं अनवाणी गांठ कुणब्याची, कणकेच्या सापाची कमाई भटजीची!

आतां सरकार. 2000 ते 2019 या वीस वर्षांत हिंदुस्थानांत सापानें सुमारें बारा लाख माणसें मेलीं, वर्षाला सरासरी 58,000, असा संशोधकांचा अंदाज 2020 सालीं छापला गेला. तीं बहुतेक खेड्यांतलीं. 2030 पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणूं अशी योजना केंद्र सरकारनें 2024 सालीं काढली. डॉक्टर नरेंद्र दाभोळकरांच्या खुनानंतर 2013 सालीं महाराष्ट्रांत जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा त्यांत गुन्हा आहे. पण भगत हाकेच्या अंतरावर आणि दवाखाना दहा कोस, तेथेंही लस असेल तर डॉक्टर नाहीं, असें जेथें आहे तेथें नुसता कायदा दाखवून काय उपयोग? ग्रामसभेंत उभे राहून विचारा: आपल्याला जवळचें कोणतें रुग्णालय, तेथें आज लस किती कुप्या आहेत, श्वास चालविण्याचें यंत्र कोठें आहे? उत्तर चावडीच्या भिंतीवर लिहवून घ्या.

सण मोडा असें आम्ही म्हणत नाहीं. एक दिवस जमिनीला फाळ लागूं नये, धान्य खाणारे उंदीर खाणाऱ्या जीवाला नमस्कार करावा, यांत काय वाईट? बाऱ्याही म्हणा, त्या आपल्या आज्यापणज्यांच्या आहेत. भगतही परका नाहीं, आपल्याच भावकींतला आहे. त्याला एवढेंच सांगा कीं रोगी आला तर ओट्यावर निजवूं नकोस, 108 ची गाडी बोलाव आणि मंत्र म्हणावयाचाच असेल तर गाडींत बसून म्हण. परतीचें भाडें आणि नारळ आम्ही देऊं.