मुलाखतीतील विराम आणि सांधसंगीत

बोलीअभ्यासाच्या प्रकल्पासाठी आपल्यापैकी अनेकजण आता मोबाइलवर मुलाखती चित्रित करतात. संकलन करताना दोन भागांच्या मध्ये काही क्षणांचे संगीत घातले जाते. व्यवहारात त्याला ‘ट्रान्झिशन म्युझिक’ म्हणतात. आपण ‘सांधसंगीत’ म्हणू. ते कोठे असावे, हा प्रश्न तंत्राचा वाटतो. माझ्या मते तो भाषेचा आहे.

सांधसंगीत आपल्या परंपरेला परके नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्या मध्ये नामाचा गजर होतो. निरूपण संपले, आता आख्यान येणार, हे श्रोत्यांना त्यातून उमगते. मात्र आख्यानातील करुण प्रसंगी बुवा क्षणभर थांबले, तर त्या थांबण्यावर कोणी झांजा वाजवीत नाही.

हा विवेक मी स्वतः एकदा विसरलो. उल्हासनगरच्या एका विद्यार्थिनीने एका वृद्ध सिंधी गृहस्थांची मुलाखत आणली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. त्या दिवसांविषयी ते बोलत होते. घराला कुलूप लावून किल्ली सोबत घेतली, एवढे सांगून ते थांबले. सात-आठ सेकंद शांतता होती. ‘ही पोकळी खटकते, येथे संगीत घाला,’ असा सल्ला मीच दिला. तिने सतारीचा एक करुण तुकडा घातला. सादरीकरणाच्या वेळी माझी चूक माझ्या ध्यानी आली. पुढचे न सांगणे हेच त्या गृहस्थांचे सांगणे होते आणि त्यावर आम्ही आमचा अर्थ लादला होता. तिने मूळ चित्रण जपून ठेवले होते, म्हणून ती शांतता परत मिळाली.

सुरावली आणि आघात यांच्याप्रमाणेच विराम हाही उच्चारित भाषेचा घटक आहे. आठवणे, शब्द शोधणे, संकोचणे, नकार देणे ही सारी कार्ये तो करतो. वक्त्याचा विराम त्याच्या मालकीचा असतो. संकलकाला अधिकार आहे तो केवळ विषयांमधील सीमेवर.

दीर्घ मुलाखतीत प्रेक्षकाला विसावा हवा, हा आक्षेप योग्यच आहे. अंबरनाथचा एखादा निवृत्त कामगार आगपेटीच्या कारखान्यातील दिवस सांगून शिवमंदिराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेकडे वळला, तर तेथे तीन-चार सेकंदांचे संगीत अवश्य घालावे. शेवटचा शब्द आणि त्यानंतरचा श्वास पूर्ण होऊ द्यावा, मग स्वर हळूहळू वर यावेत आणि पुढचे वाक्य सुरू होण्यापूर्वी विरून जावेत.

बोलण्याखाली मात्र संगीत नको. बदलापूर परिसरातील आगरी बोलीत ‘डोळा’ हा ‘डोला’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. असे सूक्ष्म भेद संगीताखाली बुजले, तर मुलाखत मनोरंजक ठरेल. पण बोलीचा पुरावा म्हणून तिचे मोल उणावेल.

म्हणून संकलनापूर्वी एक करून पाहा. मुलाखत डोळे मिटून ऐका आणि प्रत्येक विरामापाशी स्वतःला विचारा : येथे विषय संपला आहे, की माणूस थांबला आहे? विषय संपला असेल तर संगीत घाला. माणूस थांबला असेल तर आपणही थांबा.