विश्लेषण : ओटीपी कुणालाही सांगितला नाही, तरी खाते रिकामे कसे होते?

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हा सल्ला आता सगळ्यांना पाठ आहे. तरीही पैसे गेल्यावर ‘मी ओटीपी दिलाच नाही’ असे अनेक जण सांगतात. ते खोटे बोलत असतीलच असे नाही. ओटीपी ज्या क्रमांकावर किंवा फोनवर येतो, तोच ताब्यात घेण्याचे मार्ग चोरट्यांकडे आहेत.

सिम स्वॅप म्हणजे काय?

आधार-पॅनची प्रत आणि जन्मतारीख हाती लागली की, ‘सिम हरवले’ असे सांगून चोरटा तुमच्या नावाने दुसरे सिम काढतो. ते सुरू होताच तुमच्या फोनचे नेटवर्क जाते आणि पुढचे मेसेज-कॉल त्याच्याकडे जाऊ लागतात. अशा चोरीला आळा घालण्यासाठी सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक पोर्ट करता येत नाही. ‘ट्राय’चा हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे.

फाईल उघडल्याने काय होते?

व्हॉट्सॲपवर ‘वाहतूक चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर तो फोटो नसून ॲप असते. ते इन्स्टॉल करून मेसेज वाचण्याची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर चोरट्याकडे पोहोचतो.

‘कुरिअर’वाल्याचा फोन कशासाठी?

‘पार्सल अडकले आहे, स्टार २१ स्टार आणि हा नंबर डायल करा’ असे सांगितले जाते. हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. तो लागू झाला की कॉलवरून येणारा ओटीपी चोरट्याला ऐकू जातो आणि तुमचे व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर सुरू होऊ शकते.

नुकसान कोण सोसणार?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित राहते. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचेच. मात्र ग्राहक जबाबदार आहे, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

अडचण अशी की, सिम स्वॅपमध्ये बँकेचा एसएमएसही चोरट्याकडेच जातो. म्हणून बँकेत ई-मेल नोंदवून व्यवहारांचे अलर्ट तिथेही सुरू ठेवावेत.

आजच काय तपासावे?

* ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती क्रमांक आहेत ते पाहावे. अनोळखी क्रमांक दिसल्यास तिथेच कळवावे.
* फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग कुठल्या अनोळखी क्रमांकावर तर नाही ना, ते पाहावे.
* व्हॉट्सॲपला ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा पिन लावावा.
* पूर्ण आधारची सक्ती नसेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

पैसे गेले तर?

दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार झाली, तरच ती गोठवता येण्याची शक्यता जास्त. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे नेटवर्क सुरू असताना एकाच फोनचे बराच वेळ गायब राहिले, तर ‘येईल थोड्या वेळाने’ म्हणत थांबू नये. आधी सिम कंपनीला फोन करावा.