दिवा वाढवण्याआधी वायर पाहा

रात्रीची वीज असली की पाणी धरायला शेतावर जावेच लागते. वाटेत उसाची बिनदिव्याची ट्रॉली उभी असते आणि मोटारसायकलच्या पिवळट उजेडात ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मंडळी बाजारातून जादा वॅटचा बल्ब आणतात. तो बसवण्याआधी, बंधूंनो, जरा हिशेब करा.

वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. 12 व्होल्टच्या गाडीत 35 वॅटचा बल्ब सुमारे 3 अँपिअर ओढतो, 100 वॅटचा 8 च्या वर. वायर आणि हँडलवरचे बटण मात्र त्या 3 अँपिअरच्या मापाचेच. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. मग बटण करपते, सॉकेट वितळतो आणि दिवा ऐन रस्त्यात दगा देतो. मॅग्नेटची वीज पुरली नाही, तर बॅटरी रोज उतरते ते वेगळेच.

खरे म्हणजे पुष्कळदा बल्बचा दोष नसतोच. इंजिन चालू ठेवून, दिवा लावून, मीटरने आधी बॅटरीवरचे आणि मग सॉकेटवरचे व्होल्टेज मोजा. एक-दीड व्होल्टचा फरक निघाला, तर वीज वाटेतच मुरते आहे. व्होल्टेज दहा टक्के घटले, तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो! गंजलेली अर्थिंग आणि जोड घासून घट्ट केले, तर आहे तोच बल्ब खुलतो. यात दुकानदाराला काही मिळत नाही, म्हणून तो हे सांगत नाही.

तरीही 60/55 वॅटचा बल्ब हवाच असेल आणि मॅग्नेट तेवढी वीज देत असेल, तर रिले घाला. अप्परला एक, डिपरला एक. दिव्याची जुनी वायर रिलेच्या 85-86 ला फक्त इशारा देते. बल्बची वीज बॅटरीवरून नव्या जाड वायरीने 30 ला येते आणि 87 मधून पुढे जाते. फ्यूज बॅटरीला अगदी लागून हवा. तो दूर असला आणि अलीकडची वायर पेट्रोलच्या टाकीखाली घासून उघडी पडली, तर काय होईल ते सांगायला नको.

जुन्या लहान गाड्यांत मात्र दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटवर चालतो. रेस दिली की उजेड वाढतो, सोडली की मंदावतो, ही त्याची खूण. तिथे रिले थरथरतो, साधा एलईडी लुकलुकतो. अशा गाडीचे वायरिंग जाणत्या मिस्त्रीकडून बदलून घेतल्याशिवाय काही जोडू नका.

काम झाल्यावर मागे माणूस बसवून झोत भिंतीवर पाहा. ओझ्याने गाडी मागून दबली की तो वर चढतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.