आधी नक्कल, मग दुरुस्ती

न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने २०२३ साली मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू लिपीतील जी दप्तरे उघडली गेली, ती कितीही जीर्ण असली तरी त्यांतील जे पान शाबूत होते ते जाणकाराला वाचता येत होते. कारण कागदाचा क्षय डोळ्यांना दिसतो आणि तो पानापानाने होतो. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून ज्याची नोंद आहे, त्या मराठवाड्यातल्याच पाथरीला दप्तराचे मोल कोणी शिकवावे असे नाही. परंतु आज याच गावातील अडत दुकानाची खतावणी, छायाचित्रकाराकडील लग्नकार्यांची छायाचित्रे, तहसिलीच्या आसपास टाइप करून देणाऱ्यांकडचे वाटणीपत्रांचे मसुदे, हे सारे ज्या हार्ड डिस्कवर साठते, तिच्या ऱ्हासाची लक्षणे 'कॉम्प्युटर स्लो झाला' किंवा 'व्हायरस शिरला' एवढ्या दोन सबबींखाली आपण दाखल करून मोकळे होतो, ही मला अत्यंत चिंतेची गोष्ट वाटते.

टेबलावरच्या संगणकातील डिस्कच्या चकत्या बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेतात, आणि मजकूर वाचणारे शीर्ष ग्रामोफोनच्या सुईप्रमाणे त्यांवर टेकत नाही, तर धुळीच्या कणाहूनही कितीतरी सूक्ष्म अशा, मोजक्या नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगत राहते. ते पृष्ठभागाला घासले की मजकुराचा थरच खरवडला जातो. ठरावीक लयीत 'टक्‌ टक्‌' असा आवाज येऊ लागला म्हणजे शीर्षाला आपली वाट सापडत नाही आणि ते पुनःपुन्हा मूळ जागी परतत आहे असे समजावे, व यंत्र तत्काळ बंद करावे. हा इशारा बहुतेक वेळा अखेरचा असतो.

त्याआधीची चिन्हे मूक असतात. काल सहज उघडलेली फाइल आज मिनिटभर खोळंबते, नक्कल करताना काम एकाच जागी अडते, डिस्कच यादीतून नाहीशी होते आणि पुन्हा प्रकटते. फाइलींची नावे विद्रूप होणे हेही एक लक्षण आहे. मात्र अवेळी वीज गेल्यानेही ते घडू शकते, म्हणून एवढ्यावरून निवाडा करू नये. डिस्क स्वतःच्या नादुरुस्त जागांच्या बदल्यात राखीव जागा वापरते आणि त्याचा हिशेब 'स्मार्ट' नावाच्या अंतर्गत नोंदीत ठेवते. 'क्रिस्टल डिस्क इन्फो' या विनामूल्य प्रोग्रामने तो हिशेब पाहता येतो. बदललेल्या आणि बदलीच्या प्रतीक्षेतील जागांचा आकडा वाढू लागला की, डिस्क आज चालत असली तरी तिच्यावर विसंबू नये.

गूगलमधील पिन्हेरो, वेबर आणि बॅरोसो यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असे त्यांना दिसले. पण त्याच अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान वगळता, या अंतर्गत नोंदीत कसलाच इशारा दिलेला नव्हता. म्हणजे चिन्ह दिसले तर धावावेच, परंतु चिन्ह दिसले नाही म्हणून निश्चिंत राहण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

आपल्याकडे चूक होते ती क्रमात. डिस्क बिघडल्याची शंका येताच तिची तपासणी-दुरुस्ती चालवली जाते किंवा फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले जाते, आणि आधीच थकलेल्या यंत्राला सबंध पृष्ठभागावरून फिरण्याचे श्रम पडतात. आवाज येत नसेल तर सर्वप्रथम नक्कल घ्यावी, तीही सर्वांत मोलाच्या फाइलींपासून; दुरुस्तीचा विचार त्यानंतर. आवाज येत असेल तर ते काम तज्ज्ञाकडे सोपवावे, आणि झाकण उघडून आत पाहण्याचा मोह तर कोणत्याही स्थितीत टाळावा.

नक्कल त्याच टेबलाच्या खणात ठेवणे पुरेसे नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा एकाच इमारतीतील असंख्य फायली भस्मसात झाल्या. पाथरीच्या दुकानदाराने दुसरी डिस्क घरी नेऊन ठेवावी. आणि ज्यांच्याकडे इतरांची छायाचित्रे व कागदपत्रे असतात त्यांनी आपण ती किती काळ आणि किती ठिकाणी जतन करतो हे पावतीवरच लिहून द्यावे, म्हणजे गिऱ्हाईकालाही आपली प्रत वेळीच मागून घेता येईल.